नानांचा अकरा शब्दांचा वाघ

आमचं घर जळगाव जिल्ह्यात होतं आणि संडास धुळे जिल्ह्यात. हे ऐकून लोक हसतात, पण सातपुड्याच्या पायथ्याला, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर जे धरण आणि त्याच्या काठचं अभयारण्य आहे, त्याच्या फाटकाशी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वनखात्यानं दोन खोल्यांचं क्वार्टर दिलं होतं आणि त्याच्या परसात शिवेचा दगड रोवलेला होता. त्यामुळे पोट बिघडलं की माणूस दिवसातून आठ वेळा जिल्हा ओलांडायचा. नीलगाई जळगावचं गवत खाऊन धुळ्यात लेंड्या टाकायच्या. त्या लेंड्यांची नोंद कुठल्या जिल्ह्यात करायची, असं आबांनी एकदा पत्र लिहून वर विचारलं होतं. आबा वारले, त्यांच्यानंतरचे तीन वनरक्षक निवृत्त झाले, उत्तर अजून यायचं आहे.

आबा असे होते. पारोळ्याकडचे, अंगानं हडकुळे, आणि खरं बोलण्यापायी अगदीच कामातून गेलेले. रोज दिवेलागणीला भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे आम्ही तिघं हात जोडून पंचशील म्हणायचो. आईचा आवाज खणखणीत, आबांचा संथ, माझा दोघांच्या मधे कुठेतरी. चौथं शील आलं, ‘मुसावादा वेरमणी’, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की नेमका मला खोकला यायचा. सगळी नववी मी चौथ्या शीलाला खोकत काढली. आईनं मला अडुळशाचा काढा पाजला, ज्येष्ठमध चघळायला दिला. आबांनी मात्र कधी औषध दिलं नाही. त्यांना रोगाचं नाव ठाऊक होतं.

फाटकाजवळ एक काळा फळा होता. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे त्याचे तीन भाग आणि प्रत्येक भागात चार रकाने: प्राणी, जागा, खूण, पाहणारा. कुठल्या ऋतूत काय दिसलं हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून ही आबांचीच कल्पना. माझं अक्षर शाळेत पहिलं आलेलं, म्हणून लिहायचं काम माझं. पण लिहायचं काय, ते आबा सांगणार. त्यांचा नियम होता की खूण हवी: पाऊल, विष्ठा, पीस, केस, काहीतरी. खुणेशिवाय त्यांनी स्वतः पाहिलेला कोल्हासुद्धा फळ्यावर चढू दिला नाही. मी म्हटलं, आबा, तुम्हीच तर पाहिलात. तर म्हणाले, मला भास झाला असेल तर?

हिवाळा आला की फळा भरून जायचा. चक्रवाक यायचे, भगव्या रंगाचे, आणि पहाटे पाण्यावर असे ओरडायचे की शंभर दूधवाले एकदम सायकलचे भोंगे वाजवताहेत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस यायचे. ते हिमालय ओलांडून येतात, असं आबा सांगायचे, तेव्हा आई म्हणायची, एवढं लांबून आले आणि अंगावर पट्टे काय ते दोनच, तिकडं कापड महाग असेल. चोचीवर पिवळं-लाल लावलेली हळदी-कुंकू बदकं तर बारा महिने आमचीच. त्या दिवसांत घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल घातलेला ठेचा आणि काट्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत असायचं. भरिताचा वास धरणापार जायचा आणि पलीकडच्या काठावरचे करकोचे माना वर करायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. खूण मागू नये.

उन्हाळ्यात पाणी आटायचं, जनावरं उरलेल्या डबक्यांवर यायची आणि माणसं सावलीला लागायची. आमच्याकडच्या उन्हाबद्दल मी काही वाढवून सांगत नाही. पत्र्यावर पापड वाळत घातले तर ते तळूनच खाली यायचे, एवढंच. मोहाची फुलं टपटपायला लागली की अस्वलं डोंगरातून उतरायची, पोटभर फुलं खायची आणि झाडाखालीच घोरत पडायची. आईचं युद्ध मात्र वानरांशी. ती अंगणात खाटेवर पापडासारख्या बिबड्या वाळत घालायची, ज्वारीच्या, लसणाच्या, तिळाच्या, आणि वानरांची टोळी छपरावर बसून त्या वाळायची वाट बघायची. ओल्या बिबडीला एकही वानर हात लावत नसे. कडक झाली की खाली. आई म्हणायची, तुझ्यापेक्षा या मेल्यांना स्वयंपाकातलं जास्त कळतं.

आता नाना. नाना हे रोजंदारीवरचे वनमजूर, फाट्यावरच्या गावात राहणारे, आबांपेक्षा वीस वर्षांनी मोठे. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जमिनीवरचं सगळं वाचता यायचं. संध्याकाळी जंगलातल्या वाटांवर ठिकठिकाणी बारीक माती चाळून तिच्या पट्ट्या घालायच्या आणि सकाळी त्या पट्ट्यांवरून कोण गेलं ते पाहायचं, हे त्यांचं काम. चाळण आमच्या आईची, पिठाची, जुनी झालेली. पट्टीवर वाकून नाना सांगायचे, ही तरसाची मादी, पोटात पिल्लं आहेत, आणि हिचं नवऱ्याशी पटत नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या असायच्या. तिसरी माझ्यासाठी.

कारण थापा मारण्यात नानांचा हात धरणारं माणूस खानदेशात झालं नाही, आणि झालं असेल तर ती मी, आणि मला तरी कोणी शिकवलं? त्यांचा एक अजगर होता. पावसाळ्यात त्यांनी तो पाहिला तेव्हा धोतराएवढा होता, कात पडलेली सापडली म्हणून आबांनी फळ्यावरही घेतला. पोळ्यापर्यंत तो बैलगाडीएवढा झाला. दिवाळीला धरणाच्या भिंतीवर आडवा पडला, डोकं जळगावात, शेपटी धुळ्यात, आणि त्याला सर्दी झाली तर कुठल्या जिल्ह्याचा डॉक्टर बोलवायचा हा प्रश्न पडला. दर अमावास्येला तो हातभर वाढायचा. मी शाळेत जाऊन त्यात माझा एक हात मिळवायची. आई म्हणायची, अगं, दारातून आत येईल एवढं तरी सांगत जा.

फाल्गुनातली एक सकाळ. बिबड्यांचा घाटा चुलीवर रटरटत होता आणि मी ढवळत होते. नाना अंगणात आले आणि ओट्यावर बसले. आईनं चहा पुढे ठेवला तर तो तसाच. चाळण अजून त्यांच्या हातातच होती. आबा बाहेर आले. काय झालं नाना, म्हणाले. नानांनी तोंड उघडलं.

“वाघ व्हता. पानी पी ऱ्हायना व्हता. मनाकडे दखं, आनि चालना गया.”

एवढंच. मी पुढची वाट पाहत राहिले. शेपटी केवढी होती, डोळे कंदिलासारखे होते का, डरकाळीनं पानं गळाली का. काही नाही. आमच्या भागात वाघ दिसल्याला इतकी वर्षं झाली होती की माझ्या जन्माच्या आधीच्या एका वाघाच्या पंजाचा प्लास्टरचा ठोकळा आबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. बिबट्या होता, तरस होतं, पण वाघ म्हणजे कागदावरचं वजन.

आबा तसेच पायात वहाणा सरकवून नानांबरोबर त्या पाणवठ्यावर, टेंभुर्णीच्या कुंडावर गेले. तोवर दीडशे मेंढ्या तिथं पाणी पिऊन गेल्या होत्या. सगळा चिखल तुडवलेला. वाटेवरच्या पट्ट्या कोऱ्या, कारण वाघ उतरला तो नाल्यातल्या दगडांवरून. एक केस नाही, एक खूण नाही. आबा परत आले, फळ्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि आत निघून गेले. मी हातात खडू घेऊन उभी होते ती तशीच राहिले.

फाट्यावरच्या टपरीवर मग नानांची रोज आरती सुरू झाली. “नाना, वाघले कट दिधा का फुल?” असं कोणीतरी विचारायचं आणि सगळी टपरी हसायची. एरवी नानांनी वाघाला बशीतून चहा पाजला असता, वर विडी पेटवून दिली असती. या वेळी ते खाली मान घालून चहा प्यायचे आणि उठायचे. जो विचारेल त्याला तेच सांगायचे: वाघ होता, पाणी पीत होता, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. त्यांच्या बोलीत अकरा शब्द. मी मोजले होते.

चैत्र संपला की नानांचं काम सुटणार होतं. वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते. एक दिवस पट्टीची माती चाळता चाळता ते मला म्हणाले की माय, आयुष्यभर या जंगलातले पाय वाचले, एकदा त्या फळ्यावर वाघापुढे माझं नाव लागलेलं पाहिलं असतं म्हणजे झालं. मग हसून म्हणाले, वाचता कुठं येतं मला, तूच वाचून दाखवली असतीस.

आता सांगा, पंधरा वर्षांच्या मुलीनं काय करावं? शहाण्या मुलीनं गप्प बसावं. मी वाघ करायला घेतला.

रविवारी आमच्याकडे वरण-बट्टी असायची. आई गव्हाचं जाडसर पीठ, थोडं मक्याचं, हळद, ओवा, तेलाचं मोहन असं घट्ट मळून झाकून ठेवायची आणि परसात गोवऱ्यांचा विस्तव करायची. मी त्यातला नारळाएवढा गोळा चोरला. प्लास्टरच्या ठोकळ्यानं थेट ठसे मारता आले असते, पण तो चांगला विटेएवढा जाड, कडा उमटल्या असत्या, शिवाय टेबलावरून हलला की आबांचे कागद उडणार. म्हणून त्याच्यासमोर बसून मी पिठाचा हुबेहूब पंजा केला. मागची गादी, पुढची चार बोटं. मग तो इतर बट्ट्यांच्या खाली विस्तवात सारला. असा खरपूस भाजला गेला की वाटलं, वाघ राहू दे, तुपात बुडवून खाऊन टाकावा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी हंडा घेऊन पाण्याला जाते असं सांगून निघाले आणि कुंडाच्या वाटेवरच्या दोन पट्ट्यांवर नऊ ठसे मारले. मातीत पंजा चिकटू नये म्हणून त्याला तेल लावून नेला होता. इतकं डोकं मी दहावीच्या गणितात चालवलं असतं तर आज निराळीच कुठे असते. परत येऊन पुरावा मी वरचा थर खरवडून वरणात चुरून खाल्ला. वाघाचा पंजा खाल्लेली खानदेशातली मी एकटीच बाई.

नानांचे गुडघे त्या दिवशी धरले होते, म्हणून पट्ट्या पाहायला आबाच गेले आणि तासाभरात धावत आले. आबांना धावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. शालू, खूण मिळाली, म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे झाले होते की मी हंडा उचलून आत पळाले. त्यांनी पट्ट्यांवर टोपल्या झाकल्या, काठ्यांनी वाट अडवली आणि सायकलवर जाऊन धुळ्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब जीप घेऊन आले, काच, स्केचपेन, मोजपट्टी, सगळं घेऊन. ही बातमी फाट्यावर कळायला कितीसा वेळ लागतो? टपरी बंद करून टपरीवाला आला, मास्तर आले, मेंढपाळ आले. मेंढ्याही आल्या असत्या.

आबांनी टोपल्या उचलल्या आणि नानांना पुढं बोलावलं, कारण आधी त्यांनी पाहायचं हा मान त्यांचा. नाना गुडघे धरत बसले. बराच वेळ पाहत राहिले. मी मागून डोकावले. प्रत्येक ठशाच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. तेल आणि पीठ! नऊच्या नऊ ठशांत जत्रा भरलेली. नानांनी चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली. ओवा. मग मान वळवून गर्दीत बरोबर माझ्याकडे पाहिलं आणि मला जवळ बोलावल्यासारखं करून हळूच विचारलं,

“हाऊ वाघ लंगडी खेयस का व, माय?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलावरचा ठोकळा उजव्या मागच्या पायाचा होता. मी नऊ वेळा तोच एक पाय उमटवला होता. माझा वाघ सातपुड्यातून टेंभुर्णीच्या कुंडापर्यंत उजव्या मागच्या पायावर लंगडी घालत आला होता.

साहेब काही कच्चे नव्हते. त्यांनी पहिल्या ठशावर काच ठेवून तो गिरवला, दुसऱ्यावर ठेवली, तिसऱ्यावर ठेवली, आणि उठून आबांना म्हणाले, तुमच्या वाघाला बाकीचे तीन पाय आहेत की ते दुरुस्तीला टाकलेत? गर्दी फुटली. टपरीवाला हसता हसता खाली बसला. आबांचा चेहरा मातीसारखा झाला.  ज्या मुलीच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, तिची वाचा त्या दिवशी गेली.

नाना उठले. धोतराला हात पुसले.

“ते मीच करं, साहेब.”

साहेबांनी काच पुसून पिशवीत घातली. मग म्हणाले की म्हातारपणी हे शोभत नाही, चार दिवसांत काम सुटणार म्हणून सोडून देतो, आणि तो फाल्गुनातला वाघही याच पिठाचा असणार. नानांनी मान हलवली नाही, खालीही घातली नाही. त्यांनी आईची चाळण उचलली, ठशांवर नवी माती चाळली आणि पट्टी सपाट केली. मी केलेला वाघ मुंग्यांसकट नाहीसा झाला. त्याबरोबर खराही. नानांना एक खूण मिळवून द्यायला गेले आणि होती नव्हती ती त्यांच्या शब्दाची पतही घालवून बसले.

त्या संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथं शील आलं आणि मला खोकला आला नाही. रडू आलं. तसबिरींपुढेच मी सगळं सांगितलं, गोळ्यापासून वरणापर्यंत. आई कपाळावर हात मारून म्हणाली, तरी म्हटलं बट्ट्या कमी कशा पडल्या. आबांनी आधी पाचवं शील पूर्ण म्हटलं. मग कंदील जवळ ओढून साहेबांना पत्र लिहिलं की ठसे माझ्या मुलीनं केले, वनमजुरानं नव्हे, आणि मला दाखवून पाकिटात घातलं. त्याचंही उत्तर आलं नाही. आमच्या फाटकातून गेलेल्या पत्रांचा एकंदर इतिहासच तसा आहे.

सकाळी ते मला घेऊन नानांच्या घरी गेले. नाना कडुलिंबाची काडी दातात धरून ओट्यावर बसले होते. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले की पंजा झकास होता, आता उरलेले तीन करायला शीक. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं. आबा मात्र उभेच होते. म्हणाले, नाना, तो वाघ मला परत एकदा सांगा. नानांनी काडी बाजूला ठेवली. तेच अकरा शब्द, त्याच क्रमानं. ना एक कमी, ना एक जास्त.

परतताना आबा पुढं चालत होते. मग धरणाच्या भिंतीवर थांबले, जिथं अजगर आडवा पडायचा तिथं, आणि म्हणाले,

“नानांचा अजगर दर अमावास्येला हातभर वाढतो. या वाघाला दीड महिना झाला, शालू. बोटभर वाढला नाही.”

फाटकाशी आल्यावर त्यांनी खडू माझ्या हातात दिला. लिही. मी उन्हाळ्याच्या भागात लिहिलं: वाघ. जागा, टेंभुर्णीचं कुंड. पुढचा रकाना आला आणि माझा हात थांबला. आबा, खूण काय लिहू? आबांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा नियम मोडला, का पाळला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, ते जे बोलले तेच लिही, जसंच्या तसं. रकाना चार बोटं रुंद, मी बारीक अक्षरात त्यात अकराही शब्द बसवले. पाहणारा: नाना.

आज मी त्या वेळच्या नानांच्या वयाची आहे. ही गोष्ट लग्नाकार्यात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर इतक्यांदा सांगितली आहे की साहेबांच्या जीपा आता तीन झाल्या आहेत आणि मुंग्या हरभऱ्याएवढ्या. मूळ नऊ ठसे होते की सहा, ते माझं मलाही आठवत नाही. पण वाघापाशी आले की मी बोटांवर मोजते आणि अकराला थांबते. नातवंडं म्हणतात, आजी, पुढे? पुढे काही नाही.

नाना त्यांच्या कामाच्या शेवटच्या दिवशी फळ्यापुढं आले. टपरीवरची चारजणं मागोमाग आली होती, हसायला. नानांनी मला वाचायला सांगितलं. मी रकान्याला बोट लावून एकेक शब्द वाचला. ते कान देऊन ऐकत राहिले, मग म्हणाले, परत वाच. मी परत वाचला. तेवढ्या वेळात वानरांनी मागे आईच्या दोन खाटा बिबड्या संपवल्या, पण त्या दिवशी कोणी त्यांना हाकललं नाही.

“जास्तीनं काही लिखं नही ना व, माय?” नानांनी विचारलं.

नाही नाना, मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग मागे वळले आणि त्या चौघांना म्हणाले की बाबांनो, आज येताना तो अजगर पुन्हा दिसला. डोकं चोपड्याच्या बाजारात होतं. शेपटी पाहायला शिरपूरला जावं लागेल.